आतल्या खाचेतला 'स'

ख्यालाची एलपी हा प्रकार जरा उफराटाच. गाणारा विलंबितात एकेक सूर टेकवत निवांत सुरुवात करतो आणि बाजू संपत आली की द्रुतात शिरतो. सुईच्या वाट्याला बरोबर उलटं येतं. बाहेरच्या कडेला तिच्याखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते. लेबलाजवळ येईतो ती 21 वर येते. फेरा तोच, 1.8 सेकंदांचा, वर्तुळ मात्र आक्रसलेलं. म्हणजे आलापीला ऐसपैस अंगण आणि तानांची दाटीवाटी. पाश्चात्त्य पॉपवाले शेवटी एखादं संथ गाणं टाकून मोकळे होतात. आपल्याकडे 'आधी द्रुत गा, विलंबित मागाहून' असं कोण कुणाला सांगणार?

किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी घ्या. भूपाच्या बाजूला विलंबित ख्याल आटोपल्यावर 'सहेला रे' येतं, म्हणजे नेमकं आतल्या खाचांत. त्याचं पहिलंच अक्षर 'स'. कार्ट्रिजची परीक्षा घ्यायला याहून चोख पेपर कुणी काढला नसता. सुई झिजली असेल किंवा कार्ट्रिज तिरकं बसलं असेल, तर हा 'स' फिसकारतो. एकदा ते कानात शिरलं की मग गाणं ऐकू येत नाही, नुसतं फिसकारणंच ऐकू येतं.

माझ्याकडे ऑर्टोफोनचं टू-एम रेड होतं. या डॅनिश कंपनीची सोय अशी, की रेडच्याच अंगावर ब्लूची सुई चढते. सगळं कार्ट्रिज काढावं लागत नाही. टोक दोन्हींचं लंबवर्तुळाकारच. फरक बैठकीचा. रेडमध्ये हिऱ्याचा कण धातूच्या खुंटीवर चिकटवलेला असतो, ब्लूमध्ये अख्खा हिराच दांडीत रोवलेला. टोक हलकं झालं की खाचेतली बारीक वळणं ते झटकन घेतं. सुई बदलायला मिनिटभर पुरतं. पण नवी सुई जुन्याच तिरकस मांडणीवर चढवण्यात काय हशील? म्हणून सगळं पुन्हा जुळवायला घेतलं.

तेही सकाळी, गच्ची तापायच्या आत. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दांडी ज्या रबरात रुतलेली असते ते उन्हाळ्यात मऊ पडतं. पंखाही बंद, घाम पुसत काम.

सुईचा भार हवा 1.8 ग्रॅम. त्यासाठी सराफ्यातल्या दुकानांत असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा वापरतो. त्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि काटा भलतंच सांगतो. मग ताटलीवर प्लास्टिकचं टोपण पालथं घालायचं, आकडा शून्यावर आणायचा आणि त्याच्या पाठीवर सुई टेकवायची. टोपणाची पाठ मात्र रेकॉर्डच्या उंचीला हवी. पुष्कळांना वाटतं, भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. तसं नाही. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ओरबाडते.

खरी गोम कोनात आहे. मूळ तबकडी कोरणारं यंत्र कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जातं. आपला आर्म खुंट्याभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे कार्ट्रिज खाचेशी तंतोतंत जुळतं ते दोनच जागी. त्या जागा कुठं धरायच्या, याचं गणित बेअरवाल्ड यांनी 1941 मध्ये मांडलं. त्यांची आतली जागा केंद्रापासून 66 मिलिमीटरवर येते. ही मांडणी सगळीकडे थोडीथोडी चूक वाटून देते, म्हणून ती बहुतेकांच्या पसंतीची. स्टीव्हनसन यांनी 1966 मध्ये आतली जागा 60.3 मिलिमीटरवर नेली, म्हणजे संगीत जिथं संपतं त्या टोकाशी. बदल्यात मधल्या भागातली चूक वाढते. ख्याल ऐकणाऱ्यानं दुसरं काही निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्क्रू सैल केले, कार्ट्रिज जेमतेम दोनेक मिलिमीटर मागं घेतलं, कागदी प्रोट्रॅक्टरच्या रेषांशी कडा जुळवल्या. 'सहेला'चा 'स' ओठांच्या आत आला.

हा 'स' बरोबर, हे ठरवणार कोण? यंत्र नाही. या शहरात नाथराव नेरळकरांना समोर बसून ऐकलेले कान अजून पुष्कळ आहेत. 2021 मध्ये ते गेले, पण हातभर अंतरावरून गळा कसा ऐकू येतो, हे त्या कानांना पाठ आहे. स्पीकरचा आवाज त्याच्याशी ताडायचा. उस्ताद अमीर खाँ यांची 1960 ची मारवा-दरबारीची मोनो एलपी लावली, की अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबायचं. खाचेतली उभी खरखर त्यात कापली जाते आणि तो खर्ज एकटा उरतो.

एका मित्राला ही स्टीव्हनसनची मांडणी पटत नाही. तो सिनेगीतांचा भोक्ता, जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून धुळीनं भरलेल्या रेकॉर्डी उचलून आणणारा.

"तुझ्या या मांडणीत माझं तिसरं गाणं पार बिघडतं," तो म्हणाला.

"मग तू बेअरवाल्ड लाव."

"दर वेळी स्क्रू कोण फिरवणार?"

हल्ली तो येताना स्वतःचं कार्ट्रिज जोडलेला हेडशेल खिशातल्या डबीत घालून आणतो आणि आल्या आल्या माझा काढून ठेवतो.