शिळे ठोके

२०२१च्या दिवाळीत लकडगंजला घरी गेलो, तेव्हा बाबांसाठी हौसेने एक इंटरनेट रेडिओ घेऊन गेलो होतो. कारण साधं होतं. घरात एलईडी बल्ब लागल्यापासून मीडियम वेव्हवर खरखर वाढली होती, आणि गल्लीतली आरामशीन सुरू झाली की विचारूच नका!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बाबांचा ट्रान्झिस्टर, ५८५ किलोहर्ट्झ, आकाशवाणी नागपूर. हॉलमध्ये माझा डबा, केंद्र तेच. बातम्यांआधीचे वेळेचे ठोके ट्रान्झिस्टरवर पडले. बाबांनी घड्याळ जुळवलं, बातम्या सुरू झाल्या... आणि मग हॉलमधून ठोके आले.

"अरे, तुझा डबा तर शिळ्या बातम्या देऊन राहिला!"

आता आली का पंचाईत! मी समजावलं. आवाज थेट येत नाही बाबा, त्याचे काही सेकंदांचे तुकडे पडतात. सहा सेकंदांचा एक तुकडा धरा. प्लेअर असे तीनेक तुकडे आधी साठवतो, मगच वाजवतो. म्हणजे मध्ये नेट अडखळलं तरी गाणं तुटत नाही. अठरा सेकंद तर इथेच गेले. बाबा म्हणाले, "म्हणजे न तुटायची किंमत उशीर." आमच्या डिझाइन मीटिंगमध्ये हे इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितलेलं नाही :)

आपल्या पिढीला बफरिंगचं कौतुक नाही म्हणा. विनॅम्प १९९७ मध्ये आलं, आणि त्यानंतर डायल-अपवर आपण काय काय नाही ऐकलं! ५६ केबीपीएसचा मोडेम, १२८चा स्ट्रीम त्यातून जाणार कसा? मग २४चा लावायचा, आणि गायक पत्र्याच्या टाकीत बसून गातोय असं समजायचं.

असो. दोन वर्षांनी बाबांचा फोन आला, "डबा बोलत नाही." नेट चालू, वीज चालू. शोधल्यावर कळलं, केंद्रांची यादी पुरवणारी त्या कंपनीची सेवाच बंद झाली होती. आत पत्ता टाकायची सोयच नव्हती. डबा धडधाकट, पण कुठे जायचं ते त्याला ठाऊक नाही. बाबा महिनाभर बातम्यांशिवाय होते, आणि मला सांगितलं नव्हतं. "तुझं काम असते," म्हणाले.

ते लागलं मनाला. पुढच्या फेरीत एक रास्पबेरी पाय, जुने स्पीकर आणि केंद्रांचे पत्ते लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाईल, एवढं बसवून आलो. पत्ता बदलला की पुण्यातून लॉगिन करून एक ओळ बदलतो. मध्ये कुणाची यादी नाही. पण खरं सांगायचं तर आता मध्ये मी आहे!

रेडिओलहरीचं तसं नाही. एक ऐकणारा वाढला तर ट्रान्समीटरला पत्ताही लागत नाही. स्ट्रीममध्ये प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते, १२८ केबीपीएसने तासाला सुमारे ५८ एमबी, आणि ती पोचावी म्हणून कुठेतरी कोणीतरी जागं असावं लागतं.

म्हणून मंडळी, घरच्यांना असा डबा देणार असाल तर दोन गोष्टी बघा. त्यात स्वतः पत्ता टाकता येतो का? आणि तो बंद पडला तर ते तुम्हाला सांगतील का? पहिली खोक्यावर लिहिलेली असते. दुसरीसाठी रविवारी फोन करावा लागतो.