शिपायांची बैठक

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने बोटाच्या पेराएवढ्या शिपायांच्या पायांखालचा गोंद खरवडीत बसावे, हे पाहून घरातील मंडळींस हसू आले तर आम्ही त्यांस दोष देत नाही. विलायतेतील आमचे एक स्नेही निवर्तले, आणि मेजावर मांडून खेळावयाच्या त्यांच्या रोमन सैन्याची पेटी त्यांच्या पत्नीने आम्हांकडे पाठविली. तेव्हापासून हा उद्योग आमच्या मागे लागला आहे.

हा खेळ ज्यांस पोरकट वाटतो त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे ह्याच खेळाचे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धातील गबाळेपणा उमजावा म्हणून तरी हे लुटुपुटीचे युद्ध खेळून पाहावे, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

शिपायांची डागडुजी तशी सोपी. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ कुंचल्याने धूळ काढावी, रंग उडालेल्या जागी ठिपका द्यावा आणि वर चकाकी नसलेले रोगण फिरवावे. जुन्या ओतीव शिपायांत बहुधा शिसे असते. म्हणून ते कोरडे घासू नयेत व काम संपताच हात धुवावेत. त्यांस ओकच्या कपाटात ठेवणेही बरे नव्हे. त्या लाकडातील आम्ल वाफांनी शिशाची पांढरी भुकटी होऊ लागते.

कठीण प्रश्न बैठकीचा. स्नेह्यांच्या नियमांत एकेक शिपाई निरनिराळा पडे. म्हणून प्रत्येकाखाली पुठ्ठ्याचा स्वतंत्र तुकडा होता. आम्ही खेळतो ते ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ह्या १९९० सालच्या नियमांनी. त्यांत १५ मिलिमीटर मापाच्या शिपायांस ४० मिलिमीटर रुंदीची बैठक लागते. तीवर चार रोमन खांद्यास खांदा लावून उभे राहतात, एकत्र चालतात आणि एकत्रच उचलले जातात. तेव्हा बैठक बदलणे म्हणजे मरणाचा नियमच बदलणे होय.

पहिला शिपाई उलटा केला, तो पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले नाव दिसले: मार्कस. दुसऱ्याखाली गायस. प्रत्येकास नाव होते. जुनी बैठक ठेवावी तर सैन्य पेटीतच पडून राहणार. काढावी तर स्नेह्यांचे हस्ताक्षर जाणार. चार दिवस आम्ही सुरीस हात लावला नाही.

अखेर पुठ्ठ्याचे पापुद्रे हलकेच सोडवून नव्या बैठकीच्या तळाशी चिकटविले. दहा दहा मिलिमीटरांचे चार तुकडे चाळिसांत नेमके मावले. आता तुकडी पडली म्हणजे आम्ही ती उलटी करतो, चार नावे वाचतो आणि मगच पेटीत ठेवतो. त्यामुळे खेळ थोडा मंदावतो खरा. परंतु समोरच्या गड्याने अद्याप तक्रार केलेली नाही.