तलकट्टू आणि दोनशेची लेन्स

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी हैदराबादमधल्या दिलसुखनगरच्या गच्चीवरून टेलिफोटो लेन्स लावून हमरस्त्याचा फोटो काढला, तर चैतन्यपुरीच्या बाजूला क्लासेसचे जे बोर्ड एकावर एक चढलेले आहेत, त्यांची अक्षरं पाण्यातून पाहिल्यासारखी डुचमळलेली येतात. लेन्स जुनी असली की निकाल ठरलेला असतो: काचेत आता दम राहिलेला नाही. मला हे फार वेळा ऐकवलं गेलं आहे आणि ते मला मान्य नाही. जुन्या लेन्सच्या माथी मारले जाणारे बरेचसे दोष तिचे नसतात, हे मी याच गच्चीवर आणि सरूरनगरच्या तलावाकाठी पाहिलं आहे.

माझी लेन्स निकॉनची 200 मिमी एफ/4. एआय बनावटीची, म्हणजे 1977 किंवा त्यानंतरची. कोटीतल्या एका दुरुस्ती करणाऱ्या चाचांकडे ती मिळाली. फोकसची रिंग दोन्ही हातांनी पिळावी लागत होती. चाचांनी मागून टॉर्च मारून मला पुढून बघायला लावलं. "काच एकदम साफ है भाई, ग्रीस सूक गया बस." मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारला की बुरशीचे धागे दिसतात, कधी कधी कोटिंगही खाल्लेलं असतं. हैदराबादची कोरडी हवा या बाबतीत काचेला मानवते. चाचांनी लेन्स खोलली, जुनं वाळलेलं ग्रीस पुसून नवीन भरलं आणि रिंग एका बोटाने फिरायला लागली. पितळ आणि ॲल्युमिनियमची ती फिरण्याची चाल आजच्या मोटारीवर चालणाऱ्या लेन्समध्ये नाही. हे मी जुन्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. हाताने फोकस करायचा असेल तर ही लांब फिरणारी रिंग खरोखर उपयोगी पडते. केसभर सरकवता येते.

कॅमेरा सोनीचा, मिररलेस. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये लेन्सच्या बसणीपासून फिल्मपर्यंतचं अंतर 46.5 मिमी, कारण मध्ये आरशाला जागा लागायची. सोनीच्या कॅमेऱ्यात ते फक्त 18 मिमी आहे. उरलेले 28.5 मिमी भरून काढायचे म्हणजे मध्ये एक पोकळ नळकांडं बसवायचं. त्यालाच अडॅप्टर म्हणतात. त्यात काच नसते, तारा नसतात. लेन्स लागली आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही, म्हणून मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही शटर चालू दे' अशी परवानगी द्यावी लागते. ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगने, फोकस हाताने, आणि फोटोच्या माहितीत ॲपर्चरची जागा रिकामी.

माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे 200 ची लेन्स 300 सारखी वागते. शटर एक पाचशांश सेकंदापेक्षा हळू ठेवलं की हात हलल्याचं दिसतंच. सुदैवाने लेन्स अर्ध्या किलोच्या आसपास आहे आणि लांबीला 200 मिमीपेक्षा बरीच आखूड. टेलिफोटोची खुबीच ती. पुढची भिंगं प्रकाश गोळा करतात, मागची तो थोडा पसरवतात आणि त्यामुळे नळी छोटी होते. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये डालमायरने या रचनेचं पेटंट घेतलं. आज मोबाइलमधल्या 'टेले' कॅमेऱ्यामागेही हाच विचार आहे.

आता दोषांकडे येतो. सरूरनगरचा तलाव माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी तिथे जलपर्णीच्या कडेला बगळे उभे असतात. उजेड समोरून असला की फोटोवर पांढरट पडदा यायचा. जलपर्णीखालचं काळं पाणी राखाडी दिसायचं. सगळे म्हणाले, जुनं कोटिंग, असंच होणार. पण ही लेन्स पूर्ण 35 मिमी फिल्मच्या मापाची आहे आणि माझा सेन्सर त्याहून लहान. जास्तीचा उजेड कुठे जाणार? तो अडॅप्टरच्या आतल्या भिंतींवर पडतो. माझ्या अडॅप्टरला आतून काळा रंग होता खरा, पण चकचकीत. मी आत मखमली काळा कागद कापून चिकटवला आणि लेन्सचं पुढचं सरकतं हूड कायम बाहेर ओढून ठेवलं. पाणी पुन्हा काळं झालं. लेन्स तीच होती.

बगळ्याच्या पिसांच्या कडेला येणारी जांभळी किनार मात्र लेन्सचीच. रंगांचं फुटणं आवरणारी खास ईडी काच या लेन्समध्ये नाही. एफ/4 वर किनार स्पष्ट दिसते, एफ/5.6 ला कमी होते, एफ/8 ला जवळपास जाते. एवढा दोष मी तिच्या नावावर लिहायला तयार आहे.

गच्चीवरच्या प्रयोगाने तर माझी खात्रीच पटली. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी एक बारीक टिकली असते, तिला तलकट्टू म्हणतात. लेन्सची परीक्षा घ्यायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. एक बोर्ड ठरवला. ट्रायपॉड, एफ/8, दोन सेकंदांचा टायमर. सूर्य नुकताच वर येत असताना काढलेल्या फोटोत प्रत्येक अक्षरावरचा तलकट्टू सुटा, टोकदार. एका ठिकाणी फ्लेक्सची सुरकुती त्याला छेदून गेली होती, तीही दिसत होती. दुपारी तोच बोर्ड, तेच ॲपर्चर, चित्र मोठं करून फोकस पुन्हा पुन्हा तपासलेला, आणि तलकट्टू अक्षरात विरघळलेले. लागोपाठ फोटो काढले तर प्रत्येकात अक्षर वेगळ्या बाजूला वाकलेलं. लेन्स खराब असती तर सगळीकडे सारखीच खराब दिसली असती. मधला डांबरी रस्ता, मेट्रोच्या पुलाचं काँक्रीट आणि पत्र्याची छपरं तापून हवा थरथरते, लेन्स ती थरथर तेवढी मोठी करून दाखवते. अशा दुपारी लाखाची नवी लेन्स लावली तरी तिलाही यातून सुटका नाही.

चंद्राने आणखी एक गोष्ट शिकवली. जुन्या लेन्सवर अनंताची खूण असते, रिंग तिथे टेकवली की काम झालं असं वाटतं. पण अडॅप्टर बनवणारे तो बहुधा केसभर आखूडच ठेवतात, कारण जरासा लांब झाला तर दूरचं काहीच फोकसमध्ये येणार नाही. मग रिंग शेवटपर्यंत नेली की फोकस चंद्राच्याही पुढे जातो. 200 मिमीवर चंद्र सेन्सरवर दोन मिलीमीटरसुद्धा भरत नाही, माझ्या कॅमेऱ्यात तो साडेचारशेच्या आसपास पिक्सेल रुंद येतो. त्यात विवरं दिसायला हवी असतील तर चित्र मोठं करून, रिंग मागे आणत आणत, उजेड-अंधाराच्या रेषेवर फोकस करावा. पौर्णिमेला ती रेषाच नसते, म्हणून मी अष्टमीच्या सुमाराचा चंद्र पसंत करतो.

गणेश विसर्जनाला सरूरनगरच्या बांधावर क्रेन लागतात. तिथे आमच्या गल्लीतल्या हॉस्टेलवर राहणारा लातूरचा एक मुलगा माझ्यासोबत होता. कॅमेरा हातात घेऊन त्याने आधी विचारलं, "काका, ऑटोफोकस कुठंय?" मी त्याला फोकस बसलेल्या भागाभोवती स्क्रीनवर उमटणाऱ्या, फोकस पीकिंगच्या लाल कडा दाखवल्या. मूर्ती उचलली की ती वर जाते, कॅमेऱ्याकडे फारशी येत नाही, त्यामुळे एकदा फोकस बसला की बराच वेळ टिकतो. रात्र, पावसाने धुतलेली हवा, फ्लडलाइट, एफ/4, आयएसओ 3200. दिव्यांभोवती जांभळं वलय आलं, पण मूर्तीला बांधलेल्या पट्ट्याची वीण मोजता येईल इतकी स्वच्छ उतरली होती. मुलगा फोटो मोठा करून बघत राहिला आणि म्हणाला, "मलाही अशीच पाहिजे." मी त्याला 135 बघायला सांगितलं. लहान सेन्सरवर 200 गर्दीत फार लांब पडते, माणूस चौकटीत मावत नाही. कोटीला जाताना टॉर्च सोबत ने, आणि लेन्सच्या आधी काळा मखमली कागद घे, हेही सांगितलं.