गादीवरची रिकामी जागा

अकोल्याच्या मोर्णाकाठच्या जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत, तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी गोदामातील शिडीवरून पडून दुकानाच्या वयोवृद्ध मालकांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. धावून आलेल्या माणसांनी त्यांना हातापायांना धरून उचलले आणि रिक्षात बसवले. अशा हालचालीने मोडलेला मणका सरकून आतील मज्जारज्जू अधिक दुखावू शकतो, हे कोणाच्याही ध्यानी नव्हते. डोके, मान व पाठ एका रेषेत स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे, एवढे ज्ञान घरोघरी असायला हवे.

शस्त्रक्रिया झाली, पण कमरेखालची शक्ती परतली नाही. घराने सेवेत काही उणे ठेवले नाही. संवेदना हरपलेल्या त्वचेला दाब कळत नाही आणि शय्याव्रण होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली जाई. ठरल्या वेळी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करणे सूनबाई परिचारिकेकडून शिकल्या. वैयावृत्त्याला तप मानणाऱ्या कुळाला शोभेल अशीच ही सेवा होती.

मात्र त्याच मायेपोटी तिजोरीच्या किल्ल्या मुलाकडे गेल्या आणि वह्या समोर येईनाशा झाल्या. ‘बाबा, तुम्ही आता फक्त आराम करा,’ हे वाक्य रोज कानी पडू लागले. बाबा हळूहळू बोलेनासे झाले.

शरीर जपले म्हणजे माणूस जपला, असे होत नाही. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून डॉ. लुडविग गटमन यांनी रुग्णांची कूस वेळेवर बदलण्याची शिस्त लावली, तसेच त्यांना काम आणि खेळही दिले. १९४८ साली तेथे सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक घडले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेले आपले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळवले. पुण्यातील खडकी येथे जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. ऐन तारुण्यात पायांचे बळ गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ संस्था स्थापन केली. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारे औषध आज नाही. विद्युत उत्तेजन व मूलपेशी यांवर संशोधन सुरू आहे. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून आयुष्य तहकूब ठेवता येत नाही.

त्या घराला हे कळले ते एका सायंकाळी. जुन्या उधारीचा हिशेब मिटवण्यास एक शेतकरी आला. मुलाला नोंद सापडेना. आतल्या खोलीतून, पलंगावरून, बाबांचा आवाज आला. वर्ष, महिना, रक्कम, सारे मुखोद्गत! मुलगा वही हातात धरून काही वेळ तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मोजमाप झाले. चाकाच्या खुर्चीच्या उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते. ओटा दीड फुटाचा. म्हणजे अठरा फूट उतार हवा. गल्लीत तेवढी जागा नव्हती. तेव्हा परसातून, गोदामाच्या कडेने उतार घातला गेला. दाराची चौकट रुंद केली, गल्ल्याचे मेज खुर्चीच्या उंचीचे केले. एका लग्नातील मांडवाच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नव्हता.

आता सकाळी बाबा दुकानात असतात. हातांवर भार देऊन अधूनमधून ते शरीर किंचित उचलतात. बसल्या जागी त्वचेवरचा दाब हलका करण्याची ती रीत आहे. दुपारी विश्रांतीसाठी आत जाताना किल्ल्या मात्र कमरेलाच असतात, आणि उधारीची वही पुन्हा त्यांच्या अक्षरात भरू लागली आहे.