पहिली गिटार, आणि तीच शेवटची



मी गिटार घेतली हे आता बोरिवलीच्या आमच्या महिला मंडळात सगळ्यांना कळलंय. तेव्हापासून स्वाध्याय सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं गिटारीवरच जातात. कितीला पडली, कुठून घेतली, बोटं दुखतात का, आणि मग जरा आवाज खाली आणून, "त्यात काही तसलं नसतं ना गं?" हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मी स्वतः त्याच प्रश्नामागे चार महिने घालवले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी सासूबाईंचा मुद्दा. "आपली पेटी काय वाईट आहे?" पेटी वाईट नाहीच. पण पेटी "आपली" म्हणताना एक आठवावं, तीसुद्धा युरोपातूनच आलेली. आकाशवाणीनं तर १९४०पासून जवळजवळ तीन दशकं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आणि तोवर गिटार आपल्या रागसंगीतात येऊन मांडी घालून बसलीही होती. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' आठवते ना, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार? आमच्या माहेरी सांगलीला तिची कॅसेट होती. पण खरं कारण एवढं थोर नाही. मी पहाटे साडेपाचला गुणगुणते. दोन खोल्यांच्या घरात त्या वेळी पेटीचा भाता हलवला तर मुलगी, हे, सासूबाई आणि शेजारचे काका असे चौघे उठतात. गिटार बोटांनी छेडली तर दाराबाहेर आवाज जात नाही.

अडचण वेगळीच होती. माझी परिग्रह-परिमाणाची वही आहे. साड्या किती, भांडी किती, सोनं किती, सगळं लिहिलेलं. त्यात वाद्य नव्हतं. स्वाध्यायाच्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घ्यायचंच असेल तर आधी लिही. आणि आकडा लिही." मी लिहिलं: वाद्य, १.

हा एक लिहिल्यावर खरेदीचं सगळं गणितच फिरलं. कारण गिटार घेणाऱ्या नवशिक्याला जो भेटेल तो एकच सांगतो, आधी स्वस्तातली घ्या, हात बसला की चांगली घ्या. दुकानदार हेच सांगतात, मुलीचे कॉलेजातले मित्रही हेच सांगतात. माझ्यासाठी दुसरी नव्हती. जी पहिली तीच शेवटची. म्हणजे तीन हजारांची खेळण्यासारखी घेऊन चालणार नव्हतं. आणि चांगल्या, महागड्या गिटारीकडे वळावं तर तिथे आपला तो हळू आवाजातला प्रश्न उभा.

तो काय ते नीट सांगते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणी काकांबरोबर गेले होते. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माहेरच्या ग्रुपवर नुसता जल्लोष.) सतारीच्या तारा ज्या घोडीवरून जातात, ती पूर्वी सांबराच्या शिंगाची करत. वन्यजीव कायद्यानं शिंगावर बंधनं आली. मग हाड वापरलं जाऊ लागलं, आणि आता कृत्रिम पदार्थांच्या घोड्याही निघाल्यात. ती पांढरी पट्टी मला कायम लक्षात राहिली होती. गिटारीवर तशाच दोन पट्ट्या असतात. एक वर, खुंट्यांच्या खाली, तिला नट म्हणतात. दुसरी खाली घोडीवर, ती सॅडल. तारेचा सगळा कंप या दोन पट्ट्यांतून लाकडात उतरतो. आणि चांगल्या गिटारीच्या जाहिरातीत अभिमानानं लिहिलेलं असतं, "बोन नट, बोन सॅडल". बोन म्हणजे हाडच, बहुधा गाईबैलाचं. लपवलेलं नसतं, मोठ्या अक्षरात असतं. फक्त आपण ते शब्द गिटारीचे म्हणून वाचतो, हाडाचे म्हणून वाचत नाही.

एकदा डोळे उघडले की मग पुढचं दिसायला लागतं. दांडीवर चमकणारे ठिपके महागड्या गिटारीत खऱ्या शिंपल्याचे असतात. हातानं बनवलेल्या उंची क्लासिकल गिटारीला जे तलम पॉलिश असतं, ते लाखेचं. लाख कशी मिळते ते तुम्हाला सांगायला नको, आपल्यातल्या कितीतरी जणी त्यासाठीच लाखेच्या बांगड्या घालत नाहीत. जुन्या पद्धतीनं काम करणारे कारागीर जोडकामाला सरस वापरतात, सुतार वापरायचे तोच, कातड्याहाडांचा. गळ्यात अडकवायचा पट्टा चामड्याचा. तारा छेडायची ती छोटी चकती एके काळी समुद्री कासवाच्या पाठीची असे. ते कासव संपत आलं, १९७०च्या दशकात त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि आता त्या नक्षीचं साधं प्लॅस्टिक मिळतं. आपल्या कचकड्याचंही तसंच, शब्द मुळात कासवाच्या पाठीचा, आणि आपण ओळखतो बाहुलीमुळे.

तारांची गोष्ट मला सगळ्यात आवडली. क्लासिकल गिटारीच्या तारा शेकडो वर्षं मेंढीच्या आतड्याच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात ते आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागलं आणि वादकांची पंचाईत झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन नावाच्या कारागिरानं नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, आणि आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासारख्या थोर वादकानं त्या उचलून धरल्या. तेव्हापासून नायलॉनच. करुणेपोटी नाही झालं, टंचाईपोटी झालं. पण मेंढ्या वाचल्याच की.

एवढं वाचून मी यादी घेऊन अंधेरीच्या एका दुकानात गेले. सॅडल कशाचं आहे विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा हसला आणि म्हणाला, "आंटी, वाजवायची आहे की खायची आहे?" मी वाद घातला नाही, बाहेर आले. मग एका शनिवारी मुलीला घेऊन मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावला गेले. तिथलं फुर्टाडोज १८६५पासूनचं आहे, जेर महालात. इतक्या गिटारी एकत्र टांगलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

आणि इथे एक गंमत कळली. मधल्या किमतीच्या, कारखान्यात बनणाऱ्या गिटारींत यातलं बहुतेक काही नसतंच. परवडत नाही म्हणून! पॉलिश पॉलियुरेथेनचं, जोडकाम कृत्रिम गोंदाचं, ठिपके असलेच तर प्लॅस्टिकचे. आणि नट-सॅडल? यामाहाची सी-४० म्हणून नवशिक्यांची क्लासिकल गिटार आहे, तिच्या तपशिलात या दोन्हींसमोर लिहिलंय, युरिया. मी दोनदा वाचलं. युरिया म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वडिलांच्या उसाच्या रानातली पोती. हा युरिया म्हणजे त्याच रसायनापासून केलेलं कडक प्लॅस्टिक. हाडासारखंच पांढरं दिसतं, म्हणून नजरेवर विसंबू नका, तपशिलाचा कागद मागा. त्याहून वरच्या गिटारीत कधीकधी टस्क नावाचा पदार्थ असतो. नाव हस्तिदंताचं, पण तोही पूर्ण कृत्रिम. आणि एखादी गिटार फारच आवडली व तिला हाडाची पट्टी असली, तरी सॅडल खाचेतून सुटं निघतं, कारागीर दुसरं बसवून देतो. अर्थात तोवर हाडाचे पैसे आपण दिलेलेच असतात.

मंडळात एकीनं विचारलं, आणि बरोबरच विचारलं, "मंदिरात आरतीला तबला-ढोलक वाजतो. चामड्याचाच ना तो? मग तुझ्या एवढ्याशा पट्टीचं काय घेऊन बसलीस?" माझ्याकडे याचं सुबक उत्तर नाही. पेटीच्या भात्यालाही चामडं लागतंच. मी एवढंच म्हटलं की मंदिरातला तबला मी आणला नाही, ही गिटार मी माझ्या पैशांनी आणणार होते, आणि विचारायला दोन मिनिटं लागतात. ज्या बाईला याहून पुढे जायचं असेल तिनं जावं. जिला इथवर यायचं नसेल तिच्यावरही मी रागावणार नाही.

आता हाताचं. स्टीलच्या तारांची गिटार घ्यावी की नायलॉनची, यावर दुकानात अर्धा तास गेला. स्टीलवाल्या गिटारीची दांडी वरच्या टोकाला साधारण ४३ मिलिमीटर रुंद, क्लासिकलची ५२. आपले हात लहान, म्हणून मला सगळे स्टीलची सुचवत होते. पण तिचं अंग एवढं फुगीर की उजवा खांदा कानापर्यंत वर येत होता, आणि तारा बोटात रुतत होत्या. नायलॉनवर बोटं जरा ताणावी लागतात, पण पोळ्या लाटून, भाजी चिरून झाल्यावरही तिच्यावर अर्धा तास बसवतं. आवाजही मऊ, स्तोत्राला शोभेलसा. माझा निर्णय तिथेच झाला. तुमचा वेगळा होऊ शकतो, फक्त दोन्ही मांडीवर घेऊन बघा. ऑनलाइन चित्र बघून मांडी कळत नाही.

दुकानात मी चार गोष्टी पाहिल्या. दांडीच्या कडेवरून बोट फिरवलं. पडद्यांची टोकं सुटलेल्या हुकासारखी टोचता कामा नयेत. एका टोकाकडून डोळा लावून दांडी सरळ आहे का पाहिलं, जशी आपण लाटणं घेताना बघतो. बाराव्या पडद्याशी तार किती उचललेली आहे तेही पाहिलं: क्लासिकलमध्ये एकावर एक ठेवलेल्या रुपयाच्या दोन नाण्यांएवढी, फार तर थोडी जास्त. त्याहून फार उंच असेल तर दाबून दाबून बोटं मोडतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोकळी तार छेडायची, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. पहिला सा असेल तर दुसरा तंतोतंत तार षड्ज हवा. पाठशाळेत पेटीवर बसलेला कान हे चटकन ओळखतो. पहिली गिटार इथेच नापास झाली, त्याच मॉडेलची दुसरी पास झाली. म्हणून मॉडेल ठरवून झाल्यावरही हातातला नग तपासा.

ती आयुष्यभर टिकायची म्हणून आणखी एक पाहिलं. पुढची फळी सलग लाकडाची असली तर आवाज भरदार येतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात अशी फळी फुगते. थर चिकटवलेल्या लाकडाचा आवाज थोडा बसका, पण हवामान सोसतो. मी सोसणारी घेतली. गिटार, फोमची पिशवी, सूर लावायचं यंत्र आणि तारांचा एक जादा संच, सगळं दहा हजारांत बसलं. परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात एका कोळणीनं आपली टोपली सरकवून तिला जागा करून दिली. त्या दोघी शेजारी शेजारी बसून दादरपर्यंत आल्या आणि माझी मुलगी खिडकीकडे तोंड करून हसत होती.

घरी आल्यावरचं थोडं. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते. उजव्या हातातल्या बांगड्या काढून बसा, नाहीतर फळीवर ओरखडे उठतात. मी पहिल्या दिवसापासून काढून ताटलीत ठेवते. डाव्या हाताची नखं मात्र पूर्ण कापावी लागतात. लग्नसराईत हे जड जाईल काहींना.

महिन्याभरात दोन जोडस्वर येतात, तिसऱ्यावर गाडी अडलीय. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. आणि आता नवीन पेच. तारा सहा-आठ महिन्यांत मंदावतात, बदलाव्या लागतात. तो जादा संच कपाटात आहे, पण वहीत त्याची नोंद नाही. मावशींना विचारलं, तारा भोगात धरायच्या की उपभोगात? एकदाच वापरून संपतात त्या भोगात, पुन्हा पुन्हा वापरतो ते उपभोगात, मग सहा महिने वाजणारी तार कुठे बसते? मावशी बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "उपभोगात लिही. आणि पुढच्या वेळी येताना ती गिटार घेऊन ये, ऐकू तरी दे."