पाठवणी

आपण रोज उच्चारतो तो ‘मिस्सा’ हा शब्द मूळचा लॅटिन. पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला. उपासनेच्या अखेरीस भाविकांना दिल्या जाणाऱ्या निरोपाच्या शब्दांतून तो रूढ झाला. त्याच्या मुळाशी ‘पाठवणी’ आहे. एवढ्या थोर उपासनेला घरी परतण्याच्या क्षणावरून नाव पडावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि मातृभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा झाला. आमच्या आजीला लॅटिन प्रार्थनांचा अर्थ उमगत नसे. पण दारी आलेल्याला वाढल्यावाचून ती जपमाळ हाती घेत नसे. आपल्याला आज शब्द न् शब्द कळतो. साहजिकच आपली जबाबदारीही वाढली आहे.

वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही किल्मिष आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. तरीही बांधाच्या वादापायी वर्षानुवर्षे अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच देवळात गुडघे टेकतात. शांतीचे अभिवादन ते शेजारच्या अनोळखी माणसाला करतात. एकमेकांकडे मात्र पाहतही नाहीत.

मिस्सा संपते आणि आपली पाठवणी होते. देवळातून घरी जाताना वाटेत भावाचे दार लागते. त्या दारावर थाप मारण्याचे बळ मिळावे, हीच मागणी मी अलीकडे प्रार्थनेत करीत असतो.