सेल्फ मारायचा नाही

“वहिनी, सेल्फ मारून तर बघा. लागली तर लागली!” पाणी उतरल्यावर अंगणात जमलेल्यांपैकी निम्म्यांचं हेच म्हणणं होतं. उरलेल्या निम्म्यांना गाडी ढकलून चालू करायची होती. मदत करायची इच्छा सगळ्यांचीच खरी होती. मी किल्ली कमरेला खोचली आणि सगळ्यांना चहा दिला.

जुलै २०२१ ची गोष्ट. २२ तारखेच्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथून निघालेली कृष्णा आमच्या उंब्रजवरून जाते आणि तारळी तिला इथंच येऊन मिळते. दोन्ही नद्या भरून वाहायला लागल्या की ओढ्यानाल्यांच्या पाण्याला पुढं जायला वाट उरत नाही, ते मागं फुगत येतं. आमची शेड ओढ्याच्या अंगाला, सखल भागात. पाणी रात्रीत शिरलं आणि गाडीच्या सीटपर्यंत चढलं. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गाडली गेली. गाडी भिजली हे कुणाला सांगायचीही लाज वाटावी असे ते दिवस होते. मी फारसं सांगितलंही नाही. मी शिकवते ती शाळा ऑनलाइन होती, नवरा पुण्यात अडकलेला. घरी आबा, म्हणजे माझे सासरे, आणि मी.

गाडी आबांची. १९६८ ची फियाट ११०० डी, ‘डिलाइट’. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. नव्या गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. तेवढा धीर आबांना नव्हता, म्हणून त्यांनी ती कराडच्या एका ठेकेदाराकडून वापरलेली घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हीच गाडी पुढं नाव बदलत पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून सगळ्यांच्या ओळखीची झाली. आमच्या कामाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चॅसी नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना वेल्डिंगनं जोडून सगळी ताकद त्या पत्र्यातच आणलेली आहे. दाराखालचा पट्टा, फ्लोअर, चाकांच्या वरची कमान, सगळं आतून पोकळ. म्हणजे पाणी शिरायला जागा भरपूर, आणि जिथं ते लपतं नेमका तोच पत्रा गाडीला धरून ठेवणारा.

सेल्फ न मारण्याचं कारण मी नववीच्या वर्गात शिकवते तेच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं पाणी असेल आणि पिस्टन जोरानं वर आला, तर वाकायचं काम कनेक्टिंग रॉडला करावं लागतं. शिवाय भिजलेल्या वायरिंगमध्ये करंट सोडला की तांब्यावर हिरवं चढायला लागतं, ते वेगळंच. म्हणून पहिलं काम म्हणजे बॅटरीची टर्मिनल काढली. दुसरं, हँडब्रेक सोडला आणि चाकांना दगड लावले. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटतात आणि मग चाक हलवायलाच घण लागतो.

गाडीचं काम बघणारे मिस्त्री दुपारी आले. त्यांनी डिपस्टिक ओढली, बोटावर तेल घेतलं आणि मला दाखवलं. चहा जरा जास्त दुधाचा झालाय असा रंग होता. “चेंबरमधी पाणी हाय,” ते म्हणाले, “पर एअर क्लीनर वरच ऱ्हायलाय. नशीब बरं हाय आबांचं.” चारही प्लग काढून त्यांनी प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑईल यांचं मिश्रण सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी टॉप गिअर टाकून आम्ही गाडी हातानं इंचाइंचानं पुढं सरकवली. प्लगच्या भोकांतून थोडं मळकट पाणी उडालं. इंजिन जाम नव्हतं. आबा पायरीवर बसले होते, ते तेवढ्यावर उठून आत गेले आणि जेवले.

त्यानंतरचं काम लोकांना पटेना. आम्ही गाडी पुन्हा भिजवली. नदीचं पाणी निघून जातं, गाळ राहतो, आणि हा गाळ वाळला की पोकळ्यांमध्ये थर धरून बसतो. पुढं कित्येक महिने ओल धरून ठेवायचं काम तोच करतो. तेव्हा तो ओला आहे तोवर स्वच्छ पाण्यानं काढायला हवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं तो आणखी आत गेला असता, म्हणून द्राक्षबागेवाल्या एका ओळखीच्याकडून फवारणीचा पंप आणला. दारांची आतली पॅनेल उतरवली. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती सगळी बुजली होती. तारेनं मोकळी केली तेव्हा तांबूस चिखल धारेनं बाहेर आला. चिखल संपून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत हेच.

सीट काढल्या. त्या काळच्या सीट म्हणजे स्प्रिंग, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या आणि वर रेग्झिन. काथ्याला कुजका वास सुटला होता, तो टाकून दिला. स्प्रिंग डिझेलनं पुसून शेडच्या आढ्याला टांगल्या. फ्लोअरवर आवाज कमी करायला चिकटवलेले डांबरी पत्रे असतात. वरून कोरडेठाक, पण एकाची कड स्क्रू-ड्रायव्हरनं उचलली तर खाली पाणी उभं. सगळे खरवडून काढले. ते काम मी केलं, आणि त्यात मला मजा आली हे इथं सांगून टाकते.

आता वाळवणार कसं? ऑगस्टमधला उंब्रजचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अंगावरचा टॉवेल वाळत नाही तिथं पत्र्याच्या घड्या काय वाळणार. एका पोल्ट्रीवाल्याकडं पिल्लांना ऊब द्यायचे जुने पिवळे बल्ब होते. ते फ्लोअरपासून हातभर उंचीवर टांगले, काचा खाली घेतल्या, एका दारात टेबल फॅन ठेवला. नुसत्या उष्णतेनं भागत नाही. वाफ बाहेर जायला वारा हवाच, नाहीतर तीच वाफ छताला लागून परत खाली येते. पंक्चरच्या दुकानातून कॉम्प्रेसर आणून पत्र्याच्या सांध्यांत हवा मारली. पाऊस जोरात असेल तेव्हा गाडी बंद करून आत पत्र्याच्या डब्यांमधून कळीचा चुना ठेवायचा. चुनकळी हवेतली ओल ओढते आणि हळूहळू फुटून भुकटी होते. भुकटी झाली की बदलायची. डबा अर्धाच भरायचा, कारण चुना फुगतो, आणि त्यावर पाणी पडलं तर चटका बसेल इतका तापतो. घरात लहान मूल असेल तर हा उद्योग करू नये.

डायनामो आणि सेल्फ काढून मी वाइंडिंगवाल्याकडं नेले. तिथं नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या पाण्याच्या मोटारी दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत मांडून ठेवलेल्या. त्यानं माझ्या पिशवीत बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, ही शौकाची कामं शेवटाला.” बरोबरच होतं त्याचं. ऊस पाण्यात उभा असताना आमच्या डायनामोला कोण विचारणार? यथावकाश त्यानं दोन्ही भट्टीत तापवून, मेगर लावून इन्सुलेशन तपासून, वार्निश मारून दिले, आणि पैसे मोटारीपेक्षा कमी घेतले.

पेट्रोलची टाकी उतरवून खालचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. पाणी जड, ते तळाला बसतं, हे अपेक्षितच होतं. पण रेषा धूसर होती. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ पेट्रोलपेक्षा जास्त. पाणी पुरेसं मिळालं की ते पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. हे इथेनॉल आपल्या सातारा-सांगलीच्या उसातूनही निघतं, याचा आबांना, जन्मभर ऊस लावलेल्या माणसाला, अभिमानही आहे आणि १९६८ च्या कार्बोरेटरसाठी काळजीही. आम्ही सगळं पेट्रोल फेकलं, टाकी धुऊन वाळवली आणि जुने रबरी पाइप बदलून इथेनॉलला टिकणारे घातले.

ब्रेकचं सगळं उघडलं. ब्रेक ऑईल मुळातच हवेतली ओल शोषतं, त्यामुळे पुरानंतर ते ठेवण्यात अर्थ नाही. व्हील सिलिंडरची रबरं नवऱ्यानं नाना पेठेतून पाठवली. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला. दाराची दोन हँडलं मुंबईहून आली, कुर्ल्याच्या भंगारातून. कुठल्याशा मोडीत निघालेल्या टॅक्सीची असावीत. जिथं गाडी बनली त्याच कुर्ल्यातून तिचे सुटे भाग भंगार म्हणून परत यावेत, याचं मला वाईट वाटलं. मिस्त्रींना नाही वाटलं. हँडल ओरिजिनल आहे एवढ्यावर ते खूश. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे तिकडून काही येणार नव्हतं.

इंजिन चालू झालं तेव्हा गणपती बसले होते. दोन-तीन मिनिटं चालवून बंद, तेल बदललं. पुन्हा चालवून पुन्हा बदललं. रंग स्वच्छ येईपर्यंत स्वस्तातलं तेल, मग चांगलं. गिअरबॉक्स आणि मागचं हाऊसिंग यांचंही तेच.

इथपर्यंत सगळे एका मताचे होते. भांडण लागलं ते अंडरकोटिंगवरून. गाडी चालू झाली, आता खालून डांबरी कोटिंग मारून घ्या, म्हणजे पुन्हा गंजाची चिंता नको, असा सल्ला कराडच्या एका मोठ्या वर्कशॉपनं दिला. दर सांगितला, तारीखही दिली. आबांना पटलं होतं. मला पटेना. मिस्त्रींनी तर हातच जोडले. “आबा, आत वल हाय तवर डांबर मारायचं न्हाई. डांबर वल कोंडून ठेवतंय. वरनं चकाचक दिसंल आन् आतनं पत्रा खाऊन टाकंल.” आबांनी विचारलं, ओल आहे कशावरून? मी फ्लोअरवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवला. सकाळी प्लास्टिकच्या आतून दव धरलं होतं. आबांनी वर्कशॉपला फोन केला आणि तारीख सोडली.

मग आम्ही थांबलो. दसरा गेला, दिवाळी गेली. थंडी पडली, वारा कोरडा झाला, तेव्हा कुठं प्लास्टिकखाली काही जमेना. तोपर्यंत काही ठिकाणी गंज वर आला होता आणि ते चांगलंच झालं, कारण तो दिसला. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचं. टोक आत गेलं की पत्रा कापून नवा जोडायचा, नाही गेलं तर घासून, फॉस्फोरिक ॲसिडचं गंज मारायचं द्रावण लावून रेड ऑक्साईड. पोकळ पेट्यांत बारीक नळी घालून पातळ केलेलं मेण आणि तेल सोडलं, ते सांध्यांत झिरपतं. तळाची भोकं मात्र उघडीच ठेवली. अंडरकोटिंग फेब्रुवारीत झालं, मिस्त्रींच्या हातानं, ब्रशनं. प्लास्टिकचं चकचकीत कव्हर होतं, ते देऊन टाकलं; सुती चादरीखाली गाडीला घाम येत नाही. शेड आता वरच्या अंगाला, रस्त्याच्या पातळीवर आहे.

एक कागद मात्र तसाच राहिला. पुराच्या त्याच महिन्यात केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले होते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. नवऱ्याची फार इच्छा होती. मी आबांना नियम वाचून दाखवले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच.

“मग पालला खंडोबाला जाता यायचं न्हाई?” आबांनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. आम्ही कराडच्या आरटीओत साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरला.